ऑनलाइन कोंबडी शो: असील आणि कडकनाथची तयारी कशी करावी?

करवीरचं_खुराडं
ग्रुपच्या ऑनलाइन शोला बारा दिवस राहिलेत. असील जातीचा कोंबडा आणि कडकनाथ जातीची तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, लावायचीय. प्रत्येकी तीन फोटो: दोन्ही बाजू आणि डोकं. पन्हाळ्याकडची तांबडी माती पायांना अन् शेपटीला बसलीय. कडकनाथ फोटोत नुसता काळा गोळा दिसते, असीलचं डोकं मोठं आणि पाय आखूड येतात. अंघोळ आदल्या दिवशी घातली तर चालेल? आणि तेल लावू का?

डालगं_आणि_दाणे
आदल्या दिवशी अजिबात नको. शाम्पूनं पिसांवरचं तेल धुऊन जातं. शेपटीच्या मुळाशी ग्रंथी असते, तिथलं तेल चोचीनं परत अंगभर फिरवायला कोंबडीला दोन-चार दिवस लागतात. म्हणून फोटोच्या चार दिवस आधी, ऊन असलेल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास धुवा. संध्याकाळी धुतलं तर ओल राहून गारठते.

तीन टब घ्या, पाणी मनगटाला कोमट लागेल इतपत. पहिल्यात पाच लिटरला एक झाकण बेबी शाम्पू. पंख दाबून धरा, डोकं पाण्याबाहेर, आणि हात पिसांच्या दिशेनंच फिरवा. उलटं चोळलं की पिसांचे धागे सुटतात आणि ते फोटोत केसाळ दिसतं. दुसऱ्यात साधं पाणी. तिसऱ्यात दोन चमचे व्हिनेगर, त्यानं साबणाचा थर निघतो. हा थर राहिला की वाळल्यावर पिसं चिकटून पट्टे पडतात. मग टॉवेल, मग फूटभर अंतरावरून ड्रायर, मंद.

हे सगळं कडकनाथसाठी. असीलची पिसं घट्ट आणि कमी, त्याला ओल्या फडक्यानं पुसलं तरी पुरतं. पाय मात्र दोघांचे मऊ टूथब्रशनं घासा. खवले वर उचललेले असतील तर तो मळ नव्हे, किडा आहे. खवले खरवडू नका, रॉकेलही नको. दर दोन-तीन दिवसांनी व्हॅसलिनचा जाड थर, दोन-तीन आठवडे. बारा दिवसांत पाय पूर्ण सुधारणार नाहीत, हे धरून चला.

कॅमेरा_खाली_धरा
डोकं मोठं येतं कारण मोबाइल जवळून आणि वरून धरताय. दोन मीटर लांब बसा, मोबाइल कोंबड्याच्या पाठीच्या उंचीवर, दोन पट झूम. फोटो सकाळचा दाणा द्यायच्या आधी काढा. गळ्याखालची दाण्याची पिशवी भरली की छातीची रेघ बिघडते. मका डोळ्यांच्या वर धरा, असील आपसूक मान ताणून ताठ उभा राहतो. उपड्या क्रेटवर उभं राहायची सवय आजपासूनच लावा.

कडकनाथमागं पांढरी भिंत ठेवली की कॅमेरा पक्षी अजून काळा करतो. राखाडी घोंगडं टांगा, फ्लॅश बंद, उन्हात नाही तर सावलीत तिरका उजेड. तेव्हाच पिसांतली हिरवी झाक दिसते.

तुरा_बघणारा
तेलाचं राहिलं. पिसांना नाहीच, धूळ धरते. तुऱ्याला पुसटसं चालतं, पण कडकनाथच्या काळ्या तुऱ्यावर तेल चमकलं तर पांढरा ठिपका येतो आणि रंगच कळत नाही. तिच्या तुऱ्यात लाल झाक नसावी, परीक्षक आधी तेच बघतो. असीलच्या छातीवर उघडी कातडी दिसली तर घाबरू नका, त्या जातीत चालतं.

असील झुंजीची जात म्हणून ओळखली जाते, पण वर्णनात झुंजीचा शब्द नको हं भावा. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं झुंजी लावणं गुन्हा आहे, आणि शो रूपाचा आहे.

करवीरचं_खुराडं
शेपटीतलं एक पीस अर्धं तुटलंय. उपटू?

डालगं_आणि_दाणे
नको. नवं पीस पूर्ण यायला सहा-आठ आठवडे लागतात, तोवर तिथं खिंड दिसेल. दुसरी बाजू पुढं ठेवून फोटो काढून घ्या, तुटलेल्या बाजूचाही द्या. आणि व्हॉट्सअपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पिसांची सगळी बारकाई जाते.