खोकडाच्या शिकारीची इंग्रजी चित्रं: भिंतीवर ठेवावीत की उतरवावीत?

कुंचला
मागच्या महिन्यात भाचीकडे लेस्टरशायरला गेलो होतो. तिथल्या एका जुन्या खाणावळीत हेन्री आल्केन या शिकारीची चित्रं काढणाऱ्या इंग्रज चित्रकाराच्या चार छापचित्रांचा संच लावलेला आहे. लाल कोटातले स्वार जमतात, कुत्रे झाडीतून खोकड (फॉक्स) उठवतात, मग कुंपणांवरून उड्या, आणि चौथ्यात मेलेलं खोकड उंच धरलेला शिकारी, भोवती भुंकणारे कुत्रे. भाची म्हणाली, "मामा, याच्याखाली बसून घास कसा उतरतो लोकांना? काढून टाकायला हवीत." मला हे पटलं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी होणाऱ्या शिकारीवर फेब्रुवारी २००५ पासून बंदी आहे. खेळ थांबवला ते योग्यच झालं. पण म्हणून चित्रं का उतरवायची?

या परंपरेनंच जॉर्ज स्टब्ज हा अठराव्या शतकातला चित्रकार दिला. लिव्हरपूलच्या चामडं कमावणाऱ्याचा हा मुलगा. लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टो गावात सुमारे दीड वर्ष मेलेले घोडे टांगून, थर थर सोलून त्याने स्नायू रेखाटले आणि १७६६ साली घोड्याच्या शरीररचनेवर ग्रंथ काढला. जनावराकडे इतकं निरखून पाहायला इंग्रजी चित्रकला इथेच शिकली, असं माझं ठाम मत आहे.

मोकळंरान
स्टब्जपुढे मीही हात जोडते. पण तुमच्या भाचीचा प्रश्न त्याच्या हाताबद्दल नव्हताच. या चित्रांत काय दिसत नाही ते बघा. हिरवीगार कुरणं आणि नेटकी झुडपी कुंपणं दिसतात. ती कुंपणं आली कुठून? अठराव्या-एकोणिसाव्या शतकात संसदेने कायद्यांवर कायदे करून गावांची सामाईक रानं खासगी मालकीची केली. गुरं चारायची, सरपण आणायची जागा गेली, आणि त्याच कुंपणांवरून साहेबाचा घोडा उडतो म्हणून आपण 'वा' म्हणायचं!

"खोकड कोंबड्या मारतं, म्हणून शिकार" हे तर सांगूच नका. खोकडं कमी पडायला लागल्यावर शिकारी मंडळी त्यांच्यासाठी मुद्दाम झुडपं लावून ती राखत होती. युरोपातून आणलेली खोकडं लंडनच्या लेडनहॉल बाजारात विकत मिळायची.

रानवाट
मूळ धाग्यात 'खोकड' लिहिलंत म्हणून आभार. आपल्याकडे सर्रास 'कोल्ह्याची शिकार' लिहितात. कोल्हा (जॅकल) वेगळा. उटीत साहेबलोकांनी हाच खेळ मांडला तेव्हा कुत्रे लावले ते खोकडाऐवजी कोल्ह्यामागे.

टापांचा आवाज
कुंचला, 'निरखून पाहणं' आल्केनला लावू नका. त्याचे घोडे पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणून हवेत तरंगतात. १८७८ मध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे लावून दाखवलं की चौखूर धावताना चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. ताणलेले असताना नाही. जेरिकोसारखा मोठा फ्रेंच चित्रकारही १८२१ च्या एप्सम शर्यतीच्या चित्रात तसेच पाय काढून बसला.

कुंचला
मान्य. आल्केन आणि स्टब्ज यांना एका पंगतीत बसवायला नको होतं. पण ते ताणलेले पाय चूक असूनही वेग देतात, हेही खरं ना?

पंचगंगाकाठ
मी कोल्हापूरचा. आमच्या संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरायचे. न्यू पॅलेसमधले पेंढा भरलेले वाघ आम्ही पोरांना हाताला धरून दाखवतो. ते काढा असं कुणी म्हणत नाही, मग इंग्रजांनीच का लपवावं?

आणि स्टब्जचं एक चित्र मँचेस्टरच्या कलादालनात आहे. मद्रासचा गव्हर्नर पिगॉट याने राजा तिसऱ्या जॉर्जला चित्ता भेट दिला, त्याचं. सोबत दोन हिंदी चित्तेवान आहेत. त्या दोघांचे चेहरे स्टब्जने चित्त्याइतक्याच आस्थेने रंगवलेत. ते चित्र उतरवलं तर आपलीच दोन माणसं भिंतीवरून जातील.

मोकळंरान
दादा, तुमचा मुद्दा लागला. त्या चित्रासाठी मीही भांडेन. पण वाघ संग्रहालयात आहेत, त्यांच्याखाली पंगत बसत नाही. संग्रहालयात माणूस पाहायला जातो, खाणावळीत ते चित्र नुसती शोभा होतं. मारण्याची शोभा व्हावी, याला माझा विरोध आहे. इंग्लंडमधल्या न्यूमार्केटच्या पॅलेस हाउस संग्रहालयात अशा चित्रांसाठी खास दालनं आहेत. तिथे खुशाल लावा, शेजारी कुंपणांचा इतिहासही लिहा.

कुंचला
ज्या गावाच्या शिवारात ही शिकार झाली, तिथल्या भिंतीवरून चित्र काढून शहरात न्यायचं, हे मला अजून पटत नाही. पण कुंपणांचं तुम्ही सांगितलंत ते मला त्या दिवशी सुचलंच नाही. चारही चित्रांत शेतकरी आहे का, हे आठवायचा प्रयत्न करतोय. भाचीला फोटो पाठवायला सांगितलंय.