'पसारा' आणि 'अडगळ' समानार्थी आहेत का?

प्रश्न

घरात वस्तूंची गर्दी का होते आणि आवरलेलं घर पुन्हा तसंच का होतं, यावर एक लेख लिहिते आहे. मी 'पसारा' लिहिलं की तपासणारे 'अडगळ' करतात, आणि पुढच्या परिच्छेदात नेमकं उलट. हे शब्द खरंच अदलाबदलीचे आहेत का? शिवाय ज्यांच्या हातून काहीच टाकून होत नाही, त्यांच्या त्रासाला काय म्हणावं? 'साठेबाजी' अजिबात पटत नाही.

उत्तर

अजिबात अदलाबदलीचे नाहीत. सोबत येणारी क्रियापदं पाहा. पसारा घालतात, मांडतात, काढतात आणि आवरतात. अडगळ कोणी घालत नाही, ती साठते, आणि ती काढून टाकावी लागते. मुलांनी खेळण्यांचा पसारा घातला असं आपण म्हणतो. 'अडगळ घातली' कानाला खटकतं.

'पसारा' हा 'पसरणे'च्या घरातला शब्द. त्यातली वस्तू वापरातली असते, फक्त जागेवर परत गेलेली नसते. म्हणून पसारा मोठ्या कामाचाही असतो, आणि 'एवढा पसारा सांभाळतो' यात कौतुकही असतं. अडगळीतली वस्तू मात्र वापरातून गेलेली असते, पण घरातून गेलेली नसते. कधी कधी ती अगदी नीट रचून, झाकण लावून ठेवलेली असते. टापटीप घरातही अडगळ असते ती यामुळे.

तुमच्या लेखासाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण दोन्हींमागचं मन वेगळं असतं. पसाऱ्यात एक छोटी कृती राहून गेलेली असते, तर अडगळीत एक निर्णय. 'लागेल कधीतरी', 'महागाची आहे', 'कुणीतरी प्रेमाने दिलेली' ही वाक्यं अडगळीची आहेत. पसाऱ्याबद्दल ती कोणी बोलत नाही. वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्या डोळ्यांत वाढते. काहनेमन, क्नेट्श आणि थेलर या संशोधकांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना कॉफीचे साधे मग दिले होते. ते विकायला त्यांनी जी किंमत मागितली, ती ज्यांच्याकडे मग नव्हता त्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीच्या आसपास होती. तो मग हातात येऊन फार वेळही झालेला नव्हता. वर्षानुवर्षं कपाटात असलेल्या वस्तूचं काय होत असेल! आणि काही वस्तूंत तर आपण होऊ पाहिलेला माणूस अडकलेला असतो. न शिकलेलं वाद्य देऊन टाकणं म्हणजे ते आता शिकणार नाही हे मान्य करणं, आणि ते खरंच जड जातं.

प्रश्नकर्ती

म्हणजे घर पुन्हा भरतं, कारण आपण अडगळ नुसती 'आवरतो'?

उत्तर

माझं तेच म्हणणं आहे. डबे आणून, चिठ्ठ्या चिकटवून अडगळीला पसाऱ्याचा उपाय केला, की निर्णय तसाच राहतो. अडगळीला ठेवायचं की द्यायचं हे ठरवावं लागतं, आणि नवं आणताना हात आवरावा लागतो. (राग आवरणं, मन आवरणं हेही याच क्रियापदाने होतं, त्याचा लेखात उपयोग करा.) पसाऱ्याला मात्र सवयच लागते, आणि ती आठवड्याभरात होत नाही. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या लंडनमधल्या 2010च्या अभ्यासात खाणं, पिणं, व्यायाम यांतली नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले; माणसामाणसांत हा काळ 18 ते 254 दिवस इतका वेगळा होता. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हे आवर्जून लिहा. एका चुकलेल्या दिवसावरून बरेच जण सगळंच सोडून देतात.

आणखी एक उत्तर

'साठेबाजी' नकोच. त्यात भाव चढावा म्हणून माल दडवण्याचा हेतू आहे. 'संग्रह'ही नको, कारण संग्राहक निवडतो, लावतो, दाखवतो. हा त्रास अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 2013च्या वर्गीकरणात स्वतंत्र विकार म्हणून आला. त्याआधी तो बहुधा मंत्रचळेपणाच्या (म्हणजे ओसीडीच्या, ज्यात तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होतात) लक्षणांत धरत. वस्तूची खरी किंमत काहीही असो, ती टाकताना तीव्र त्रास होतो आणि राहत्या खोल्याच वापरता येईनाशा होतात, ही त्याची ओळख. मी 'साठवण-विकार' लिहीन. मात्र घरात सामान खूप आहे एवढ्यावरून तो कुणाला चिकटवू नये.

'गबाळ'पासूनही सावध राहा. तो शब्द सामानाचा, पण 'गबाळा' म्हटलं की दोष माणसावर जातो. घरच्यांनी चिडून, न विचारता सगळं फेकून दिलं तर अशा माणसाचा विश्वास तुटतो, आणि टाकण्याची क्षमता काही वाढत नाही. उपचारांत एकेक वस्तू हातात घेऊन निर्णय घेण्याचा सराव करवतात.

आणि वर्णन करताना 'तो काही टाकत नाही' असं लिहू नका. 'त्याला टाकवत नाही' लिहा. 'टाकवणे' हे शक्य क्रियापद आहे. त्यात हट्ट नाही, असमर्थता आहे. संज्ञा कोणतीही निवडलीत तरी वाक्यात हे क्रियापद ठेवा.