मदत हवी आहे: जुन्या लॅपटॉपचं ग्राफिक्स दुरुस्त करूनही पुन्हा पुन्हा जातंय

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण "नवीन घेऊन टाका" असं जवळच्या सगळ्यांनी सांगून झालंय आणि या घडीला तेच नेमकं जमणार नाही.

माझं नारायण पेठेत अक्षरजुळणीचं काम आहे. गणपती झाले की आमची झोप उडते, कारण दिवाळी अंकांची पानं छापखान्याला द्यायची तारीख तोंडावर येते. आत्ता दोन अंक हातात आहेत आणि मशीन आजारी.

लॅपटॉप २०१२ सालचा. १५ इंची, जाडजूड, ऑफिसवाल्यांसाठी काढतात त्या वर्गातला. तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन, ८ जीबी रॅम, प्रोसेसरमधलं इंटेलचं ग्राफिक्स आणि त्याशिवाय २ जीबीची वेगळी ग्राफिक्स चिप. विंडोज ७ आहे. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून हे मशीन इंटरनेटला जोडतच नाही. फाइलींची ये-जा पेन ड्राइव्हने.

सुरुवात अशी झाली: पेजमेकरमध्ये (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) पान मोठं करून बघायला गेलं की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि खाली कोपऱ्यात सूचना यायची की डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडलं होतं, आता परत सुरू झालंय. मग ते वाढत गेलं. निळा पडदा येऊन मशीन बंद पडायला लागलं, त्यावर शेवटी ११६ असलेला कोड. आता तर बटण दाबल्या दाबल्या कंपनीचं बोधचिन्ह उमटतं त्यावरच जांभळ्या-हिरव्या उभ्या रेघा असतात, साधारण बोटभर अंतराने, आणि मधे मधे चौकोनी ठिपक्यांचे पुंजके. विंडोज अजून सुरूही झालेलं नसतं तेव्हा. मुद्रितशोधन करताना हा रफार की रेघेचा तुकडा, हा अनुस्वार की ठिपका, हे डोळे पडद्याला लावूनही कळत नाही. एका कवितेच्या पानावर तर प्रत्येक ओळीची प्रिंट काढून खात्री करावी लागली.

मी एवढं तपासलंय: व्हीजीएने मोठा मॉनिटर जोडला तर त्यावरही त्याच जागी त्याच रेघा. रॅमच्या पट्ट्या आलटून पालटून लावून पाहिल्या, फरक नाही. सेफ मोडमध्ये रेघा तशाच, पण मशीन बंद पडत नाही. पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला, तर ठिपके त्या चित्रातही आलेत. म्हणजे पडदा किंवा त्याची केबल यांचा दोष नसावा, असं मला वाटतं.

आता दुरुस्तीबद्दल. बुधवार पेठेत एक कारागीर आहेत, बोर्डावरच्या चिपांची कामं करतात. पहिल्यांदा त्यांनी चिपला हीट दिली. मशीन एकदम ठणठणीत झालं, काही आठवड्यांनी पुन्हा रेघा. मग रीबॉलिंग केलं, म्हणजे चिपखालच्या जोडणीच्या गोळ्या बदलल्या. त्या वेळी मी समोरच बसले होते. बोर्ड खालून तापवायच्या मशीनवर ठेवला, आजूबाजूच्या भागांवर चंदेरी पट्टी चिकटवली, चिप उचलून खालचं जुनं सोल्डर (जोडणीचा धातू) पुसून काढलं, जाळीतून बारीक गोळ्या पसरून बसवल्या आणि परत जागेवर ठेवली. काम सफाईचं होतं, माणूस मेहनती आहे, त्यांच्या नियतीबद्दल मला जराही शंका नाही. पण वैशाखातला उन्हाळा सुरू झाला, आमची खोली वरच्या मजल्यावर पत्र्याखाली, आणि पुन्हा तेच. आता ते म्हणतात चिपच बदलू, दिल्लीहून नवीन मागवतो, साडेसहा हजार लागतील, एक महिन्याची गॅरंटी.

नवीन मशीन का नको, तेही सांगते. माझं जवळजवळ सगळं जुनं काम पेजमेकर आणि श्रीलिपी या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला यूएसबी लॉक आहे, म्हणजे ती किल्ली मशीनला लावल्याशिवाय ते चालत नाही, आणि त्या लॉकचं माझ्याकडचं ड्रायव्हर विंडोज ७ पर्यंतचंच. जुनी पुस्तकं पुनर्मुद्रणाला येतात तेव्हा याच फाइली उघडाव्या लागतात. युनिकोडमध्ये रूपांतर करता येतं, पण रफार सरकतात, जोडाक्षरं तुटतात, आणि तीनशे पानांचं पुस्तक पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचावं लागतं. ते काम मी करणार आहे, करायलाच हवं, पण दिवाळीच्या तोंडावर नाही.

तर मला विचारायचंय ते असं. चिप बदलण्यात साडेसहा हजार घालणं शहाणपणाचं आहे का, की तीही अशीच जाईल? ती वेगळी चिप कायमची बंद करून नुसत्या इंटेलच्या ग्राफिक्सवर काम चालवता येईल का? माझं काम सपाट पानांचं आहे, गेम नाहीत, व्हिडिओ नाहीत. फक्त समोरासमोरची दोन पानं एकत्र बघायला मोठा मॉनिटर मात्र लागतो.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

ताई, बाकी काही करायच्या आधी हार्ड डिस्क बाहेर काढा. अडीच इंची साटा डिस्क असेल. यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि सगळं कॉपी करा. ग्राफिक्स गेल्याने डिस्कवरचं काही जात नाही, पण मशीन सारखं निळ्या पडद्यावर आपटत असेल तर उघड्या फाइली खराब होतात. दिवाळी अंकाच्या फाइली आजच दोन ठिकाणी ठेवा.

प्रतिसाद

तुम्ही इतकं नीट तपासलंय की निदान जवळजवळ झालंच आहे. बाहेरच्या मॉनिटरवर त्याच रेघा, स्क्रीनशॉटमध्येही ठिपके: दोष ग्राफिक्स चिपमध्ये किंवा तिच्या मेमरीत. ११६ हा कोडही तेच सांगतो. चिपने ठरलेल्या वेळात, म्हणजे साधारण २ सेकंदांत, उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर परत सुरू करून बघतं आणि तेही जमलं नाही की निळा पडदा दाखवतं.

हीट दिल्यावर बरं का होतं आणि परत का जातं, हे समजून घ्या, म्हणजे पैशांचा निर्णय सोपा होईल. या चिपमध्ये जोडणीचे दोन थर असतात. चिपची हिरवी पट्टी मदरबोर्डला ज्या गोळ्यांनी चिकटते तो एक. कारागिरांनी बदलल्या त्या या गोळ्या. दुसरा थर आत असतो: मधला चकचकीत सिलिकॉनचा तुकडा त्याच हिरव्या पट्टीवर केसासारख्या बारीक टेकूंवर बसवलेला असतो. मशीन तापतं, निवतं, पुन्हा तापतं. सिलिकॉन फारसं फुगत नाही, पट्टी त्याच्या कितीतरी पट फुगते, आणि वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत आतले टेकू तडकतात. चिप तापवली की तडा तात्पुरता टेकतो, संपर्क होतो, मशीन चालतं. पण तडा भरून आलेला नसतो. रीबॉलिंगच्या वेळीही चिप तापतेच, म्हणून तेव्हाही बरं वाटतं.

"बिनशिशाच्या सोल्डरमुळे असं होतं" असं दुकानांत सर्रास सांगतात. युरोपने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर निर्बंध आणले आणि सोल्डर बदललं हे खरं. जुनं शिसं-कथलाचं मिश्रण १८३ अंशांना वितळायचं, आताचं साधारण २१७ अंशांना. पण एकदा रीबॉलिंग होऊनही तेच परत आलं, म्हणजे तुमच्या बाबतीत बाहेरच्या गोळ्या दोषी नव्हत्या असं मी म्हणेन. हा प्रकार जगभर झालेला आहे. जुलै २००८ मध्ये ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या पॅकेजिंगच्या दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. ॲपलने फेब्रुवारी २०१५ मध्ये २०११ ते २०१३ दरम्यान विकलेल्या काही मॅकबुक प्रोसाठी याच तऱ्हेच्या तक्रारींवर फुकट दुरुस्तीची योजना काढली. तुमच्या कारागिरांचा हात वाईट नाही. जे दुरुस्त होत नाही तेच त्यांच्यापुढे आलंय.

चिप खरोखर नवीन असेल तर बदलण्यात अर्थ आहे. अडचण ही की बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या चिपा आता कोणी बनवत नाही. बाजारात येतात त्या बहुतेक जुन्या बोर्डांवरून काढून, पुसून, गोळ्या बसवून विकलेल्या. घ्यायचीच झाली तर बसवण्याआधी चिप हातात घेऊन बघा. तिच्यावर बारीक अक्षरांत चार आकड्यांचा तारखेचा कोड असतो, पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. १२३३ म्हणजे २०१२ चा तेहेतिसावा आठवडा. कोड तुमच्या जुन्या चिपच्याच काळातला असेल आणि कडांना फ्लक्सचा (सोल्डर करताना लावतात त्या रसायनाचा) चिकटपणा दिसत असेल, तर मी साडेसहा हजार देणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मला तोच रस्ता योग्य वाटतो. तुमच्या वर्गातल्या आणि त्या काळातल्या काही मॉडेलांत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, ग्राफिक्सची निवड असते: इंटिग्रेटेड (प्रोसेसरमधलं इंटेलचं), डिस्क्रीट (वेगळी चिप) आणि दोन्ही मिळून. बोधचिन्हावरच रेघा दिसतायत याचा अर्थ आत्ता पडद्यावरचं चित्र त्या वेगळ्या चिपमधूनच येतंय. दोन्ही मिळून चालणाऱ्या सोयीत चित्र शेवटी इंटेलमधून बाहेर पडतं, त्यामुळे तिथे अशा रेघा सुरुवातीलाच येत नाहीत. म्हणून सेटिंग डिस्क्रीटवर असण्याची शक्यता मोठी आहे. बायोसमध्ये जाऊन डिस्प्लेच्या भागात बघा, इंटिग्रेटेड निवडा, साठवून बाहेर या. विंडोजमधून ड्रायव्हर बंद करून भागणार नाही, कारण ते विंडोज सुरू झाल्यानंतरचं झालं.

दोन सूचना. एक, मदरबोर्डवर वायरीसकट एक छोटी नाण्यासारखी बॅटरी असते, तीही तेवढीच जुनी. ती संपलेली असेल तर चार्जर आणि मोठी बॅटरी दोन्ही काढल्यावर बायोसची सेटिंग विसरली जातील आणि रेघा परत येतील. ती बदलून घ्या, किरकोळ खर्च आहे. दुसरं, काही मॉडेलांत बाहेरच्या मॉनिटरचे पोर्ट वेगळ्या चिपलाच जोडलेले असतात. इंटिग्रेटेड केलं की ते मुके होतात. तसं झालं तर डिस्प्लेलिंक चिप असलेला यूएसबी अडॅप्टर घ्या. तो ग्राफिक्स पोर्टवर अवलंबून नसतो, पानं जुळवायला पुरेसा आहे. विंडोज ७ चालणारं जुनं ड्रायव्हर मिळतंय ना, ते घ्यायच्या आधी बघा.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला +१. यूट्यूबवर बोर्ड घरच्या ओव्हनमध्ये भाजायचे व्हिडिओ आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. प्लास्टिकचे सॉकेट वितळतात, कपॅसिटर फुगतात, आणि बोर्डावरच्या रसायनांचा धूर ज्या भांड्यात जेवण होतं त्यात नको.

दिवाळीनंतर एक करा. सिसइंटर्नल्सचं डिस्क-टू-व्हीएचडी नावाचं फुकट साधन आहे. त्याने हे संपूर्ण विंडोज ७ एका फाइलमध्ये उतरवता येतं. ती फाइल नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवायची. पेजमेकर, फॉन्ट, सगळं आहे तसं मिळतं. विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेट करायला सांगेल, तेवढी तयारी ठेवा. हे मशीन इंटिग्रेटेडवर चाललं तरी ती आजारी चिप बोर्डावर आहेच, उद्या तिच्यात शॉर्ट झाला तर मशीन उठणारच नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार.

डिस्क काढून फाइली दोन ठिकाणी उतरवल्या, आधी तेच केलं. मग बायोस उघडलं. रेघांमधून वाचताना त्रास झाला, पण डिस्प्लेच्या पानावर ग्राफिक्सची निवड होती आणि ती डिस्क्रीटवरच होती. इंटिग्रेटेड करून मशीन चालू केलं, तर बोधचिन्ह स्वच्छ. पेजमेकरमध्ये पान चारशे टक्क्यांपर्यंत मोठं करून बघितलं, पडदा हलला नाही. पंख्याचा आवाजही कमी झालाय. व्हीजीए पोर्ट मात्र तुम्ही म्हणालात तसा मुका झाला. अडॅप्टर आणि विंडोज ७ चं ड्रायव्हर दोन्ही शोधते आहे, तोपर्यंत एकेक पान बघून काम चाललंय. बुधवार पेठेतल्या कारागिरांना फोन करून चिप मागवू नका म्हणून सांगितलं आणि नाण्याची बॅटरी बदलायचं काम त्यांनाच दिलं.

व्हर्च्युअलबॉक्सचा उपाय दिवाळीनंतर नक्की करणार. त्यात एकच विचारायचं राहिलं: फॉन्टचं यूएसबी लॉक व्हर्च्युअलबॉक्सच्या आतल्या विंडोजला दिसतं का? कोणी डीटीपीवाल्यांनी प्रत्यक्ष करून पाहिलं असेल तर कुठल्या प्रकारचं लॉक होतं आणि काय सेटिंग लागली, ते कृपया इथे लिहा. माझं लॉक हिरव्या रंगाचं, अंगठ्याएवढं, साध्या यूएसबीचं आहे.