सॅल्व्हेज टायटलची बीएमडब्ल्यू झी४ घ्यावी का?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. २००६ ची झी४ कन्व्हर्टिबल (छप्पर उघडता येणारी गाडी) निम्म्याहून कमी किमतीत मिळते आहे; मात्र टायटल (मालकीचा सरकारी दाखला) सॅल्व्हेज, म्हणजे मोठ्या नुकसानीचा शेरा असलेले, आहे. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार केवळ बंपर बदलला आहे. व्यवहार करावा का?

उत्तर १ : विमा कंपनीने दुरुस्ती परवडत नाही असे ठरवल्यावरच साधारणतः असे टायटल मिळते, त्यामुळे केवळ बंपरची कथा मला पटत नाही. राज्याची तपासणी होऊन टायटल ‘रीबिल्ट’ (दुरुस्त झालेली गाडी) होईपर्यंत ही गाडी रस्त्यावर आणता येत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. एनआयसीबी या विमा-गुन्ह्यांविरुद्ध काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या संकेतस्थळावर व्हीआयएन (गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून विनामूल्य शोध घ्यावा आणि एनएमव्हीटीआयएस या देशभरातील वाहन-टायटलांच्या माहिती प्रणालीचा अहवालही मागवावा, कारण दुसऱ्या राज्यात नोंदणी करून टायटलवरील डाग धुऊन काढण्याचे प्रकार घडतात.

उत्तर २ : गाडी पुरात बुडाली होती का, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. या पिढीच्या झी४ मध्ये छपराची हायड्रॉलिक मोटर अशा खोलगट जागी बसवलेली आहे की निचऱ्याची नळी तुंबली तरी ती पाण्यात बुडून निकामी होते. मग पुराचे काय सांगावे! छप्पर किमान तीनदा उघडून-मिटून पाहा, गालिचे उचला, सीटबेल्ट पूर्ण ओढून चिखलाची रेघ शोधा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. विक्रेता व्हीआयएन द्यायलाच टाळाटाळ करीत असल्याने मी हा विचार सोडला आहे.