बटलरचा तो झेल नशिबाचा नव्हता
पॅट्रियट्स संघाचा बचावपटू माल्कम बटलरने सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, सिॲटल संघाचा पास मध्येच पकडला; त्या झेलाला कुणीतरी 'नुसतं नशीब' म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. सामन्याआधीच्या सरावात नेमक्या याच चालीवर तो चकला होता, समोरच्याने टचडाउन (गोलरेषेपार चेंडू नेऊन मिळवलेले गुण) काढलं होतं. म्हणूनच १ फेब्रुवारी २०१५ ला गोलरेषेपासून एका यार्डावर सिॲटलची तीच मांडणी दिसताच तो थेट चेंडूवर झेपावला. ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) कुणीही न निवडलेला, मध्यंतरी पोपाइज या फास्टफूड दुकानात काम केलेला पोरगा!

मला जास्त लागतं ते तीन वर्षांनंतरचं. त्या मोसमात बचावात जवळपास सगळा वेळ तोच मैदानावर होता, आणि ईगल्सविरुद्धच्या सुपर बोलमध्ये मात्र बचावात त्याला एकदाही उतरवलं नाही. पॅट्रियट्स ४१-३३ हरले. काही आठवड्यांतच तो टेनेसीच्या संघात गेला.