मदत हवी आहे: दारू आणि मानसिक आजार दोन्ही, आधी उपचार कशावर? (सोलापूर)

वस्तीकाम_पूर्वभाग:
विडी घरकुल भागातली केस. यंत्रमाग कामगार, वय ३८. कानात आवाज येतात, शेजाऱ्यांवर करणीचा संशय. रोज हातभट्टी, दिवसभर विडी. व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं मानसिक पेशंट घेत नाही, ओपीडीत सांगतात आधी दारू सोडून या. घरच्यांनी उद्यापासून दारू बंद करायचं ठरवलंय. कुणीतरी दारू सुटावी म्हणून चहातून द्यायची पावडरही दिलीय. क्रम काय ठेवू?

सिव्हिल_समाजसेवा:
ताई, आधी उद्याचा बेत थांबवा. रोज पिणाऱ्याची दारू घरात एकदम तोडली तर ६ ते २४ तासांत थरथर, पहिल्या दोन दिवसांत फिट, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम येऊ शकतो. भ्रमात ताप, घाम, भिंतीवर किडे दिसणं, आपण कुठे आहोत हे न कळणं. नुसते आवाज ऐकणाऱ्याला जागा-वेळ सहसा कळते. भ्रम जिवावर बेततो, तेव्हा थेट छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. गल्लीतल्या दवाखान्यात ‘अशक्तपणाचं सलाईन’ लावू नका. सलाईनमधल्या ग्लुकोजआधी बी-१ जीवनसत्त्व (थायामिन) जायला हवं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

ताडीही पितो का, हे विचाराच. भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेटसारखं गुंगीचं औषध असू शकतं, डॉक्टरांना ते माहीत हवं.

मनोसामाजिक_४१३:
पावडर बहुधा डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवण्यासाठीचं औषध. ती नकळत देणं धोक्याचंच: वरून दारू गेली की उलट्या, रक्तदाब कोसळणं, आणि बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. शिवाय भास वाढू शकतात. पाकीट डॉक्टरांना दाखवायला नेऊ द्या.

बायकोला एकच प्रश्न नीट विचारा: श्रावणात महिनाभर दारू बंद असते का, आणि तेव्हा आवाज थांबतात का? थांबत नसतील तर आजार दारूपासून वेगळा असण्याची शक्यता जास्त. हे तारखांसह एका कागदावर लिहून न्या, ‘आधी सोडून या’ला यापेक्षा चांगलं उत्तर नाही. घरी तेलुगू बोलत असतील तर दुभाषा मोठा माणूस घ्या, मुलाला बसवू नका.

वस्तीकाम_पूर्वभाग:
तो यायला तयार नसेल तर? केंद्रवाले ‘उचलून आणतो’ म्हणतात.

हक्क_आणि_आरोग्य:
नको. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. संमतीशिवाय भरती कलम ८९ खालीच, नोंदणीकृत संस्थेत: नामनिर्देशित प्रतिनिधीचा (पेशंटच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्याचा) अर्ज, दोन वैद्यकीय किंवा मानसिक आरोग्य तज्ज्ञांनी पेशंटची स्वतंत्रपणे केलेली तपासणी, कमाल ३० दिवस. तेही स्वतःला किंवा इतरांना धोका असेल, किंवा स्वतःची काळजी घेता येत नसेल तरच. घरच्यांना रात्रीबेरात्री विचारायचं झालं तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

मनोसामाजिक_४१३:
डिस्चार्जनंतर विडीवर लक्ष ठेवा. धुरामुळे ओलान्झापिन, क्लोझापिन ही आवाज-भासांवरची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. वॉर्डात विडी बंद म्हणून डोस पुरतो, घरी धूर सुरू झाला की आवाज परततात आणि सगळे दारूला दोष देतात. मावा खाल्ल्याने हे होत नाही. पिलेल्या दिवशी ‘गोळी नको’ म्हणून घरचे आजाराची गोळी वगळतात, तिथेच गाडी घसरते. पिलेल्या दिवशी कुठली द्यायची, कुठली नाही, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. झोपेच्या गोळीचं उत्तर वेगळं असेल. गोळ्या टिकत नसतील तर २ ते ४ आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा, बायकोची मजुरीही कमी बुडेल.