चुंबक चिकटलं म्हणजे स्टील खोटं?

काही स्टीलच्या भांड्यांना चुंबक चिकटतं, काहींना नाही, मग अस्सल कुठलं, असा प्रश्न पडतो. दोन्ही अस्सल असू शकतात. स्टेनलेस स्टील न गंजण्याचं श्रेय त्यातल्या क्रोमियम या धातूचं. ते साधारण १०.५ टक्क्यांच्या वर असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो पुन्हा तयार होतो.

चुंबकाचा संबंध आतल्या स्फटिकरचनेशी आहे. स्टेनलेस स्टीलचे प्रकार क्रमांकांनी ओळखले जातात; त्यातल्या ३०४ प्रकारात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळे अणूंची मांडणी बदलते आणि चुंबक चिकटत नाही. (गंमत म्हणजे शुद्ध निकेल स्वतः चुंबकाला चिकटतं!) ४३० प्रकारात निकेल जवळजवळ नसतंच, म्हणून चुंबक घट्ट बसतं.

त्यातही एक गोम आहे. ३०४ चा पत्रा थंड असतानाच दाबून-वाकवून भांडं घडवलं, की वाकलेल्या भागातली रचना थोडी बदलते. मग तळाला चुंबक चिकटत नाही, पण काठाला किंचित ओढलं जातं. त्यामुळे चुंबकाच्या जोरावर दुकानदाराशी भांडू नका. इंडक्शन शेगडीसाठी भांडं घेताना मात्र तळाला चुंबक लावून ते चिकटतंय ना, हे जरूर बघा.